धोरणातील सातत्य आणि वैचारिक सातत्य

नेत्याने धोरण बदलले की त्याला विचारसरणीच नाही असा आरोप होतो आणि वर्षानुवर्षे एकच धोरण राबवणारा नेता आपोआप तत्त्वनिष्ठ ठरतो. दोन्ही निष्कर्षांत गल्लत एकच आहे. धोरण हे विशिष्ट परिस्थितीत उचललेले पाऊल असते. काय साधायचे आणि त्यापायी काय गमवायचे नाही, हे विचारसरणी ठरवते. (एखादे धोरण केवळ लाभार्थींच्या दबावामुळेही दशकभर टिकते, त्यात तत्त्व शोधू नये.)

लेनिन यांनी मार्च 1921 मध्ये, रशियन कम्युनिस्ट पक्षाच्या दहाव्या काँग्रेसमध्ये (म्हणजे अधिवेशनात), शेतकऱ्यांकडून होणारी धान्याची सक्तीची वसुली थांबवून तिच्या जागी धान्यरूपी कर आणला. कर भरून उरलेले धान्य शेतकऱ्याला विकता येऊ लागले आणि पुढे छोट्या खासगी उद्योगांनाही मोकळीक मिळाली. वरवर पाहता ही भांडवलशाहीपुढची शरणागतीच होती. परंतु अवजड उद्योग, बँका आणि परदेशी व्यापार सरकारने हातचे सोडले नाहीत, शिवाय त्याच काँग्रेसने पक्षांतर्गत गटबाजीवर बंदी घातली. माघार कुठवर घ्यायची याची रेघ आखलेली होती, म्हणूनच येथे धोरण उलटूनही विचारसरणी टिकली असे मला वाटते.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्याबाबत तसे म्हणणे अवघड आहे. महायुद्धाच्या काळात, 1942 मध्ये, ते किंमत नियंत्रणाच्या सरकारी कार्यालयात नोकरीला होते आणि तो अनुभव घेतल्यावर अशा नियंत्रणांविषयी त्यांचे मत प्रतिकूल झाले होते. तरीही 15 ऑगस्ट 1971 रोजी त्यांनीच वेतन आणि किमती 90 दिवसांसाठी गोठवल्या. या निर्णयाचे मूळ बाजारपेठेविषयीच्या त्यांच्या मतांत शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. महागाई, बेरोजगारी आणि पुढच्या वर्षीची निवडणूक यांत मात्र ते सहज सापडते. याउलट, आयुष्यभर साम्यवादाला विरोध करणारे हेच निक्सन फेब्रुवारी 1972 मध्ये चीनला गेले, तेव्हा सोव्हिएत संघाला शह देण्याचे त्यांचे जुने उद्दिष्ट कायम होते, बदलला तो केवळ मार्ग. त्यामुळे निक्सन वैचारिकदृष्ट्या सुसंगत होते का, असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. परराष्ट्र धोरणात बऱ्याच अंशी होते, अर्थकारणात नव्हते.