सिगारेटचा रकाना, मिशरीची डबी

निपाणीकडच्या एका आरोग्य शिबिरात नर्सबाई फॉर्म भरत होत्या. वय, बीपी, शुगर, मग "मावशी, बिडी-सिगारेट ओढता काय?" मावशी पदराआड हसल्या. "न्हाई बाई, मी कशाला ओढू?" 'नाही'वर टिक पडली. कमरेच्या पिशवीत मिशरीची डबी होती. तव्यावर तंबाखू करपवून घरीच केलेली. दात घासायला म्हणून सुरू झालेली, आता तलफ येईल तेव्हा. जन्म विड्या वळण्यात गेलेला.

त्या प्रश्नाचं मूळ फार लांबचं आहे. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. वय झालं की बीपी चढणारच, असं त्या काळी बरेच डॉक्टर धरून चालत. १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ माणसांची तपासणी सुरू झाली. कोणाला अटॅक येतो, कोणाला नाही, हे वर्षानुवर्षं टिपत राहायचं. या अभ्यासाच्या १९६१ च्या निबंधापासून 'जोखीम घटक' हे शब्द रुळले, आणि पुढे दहा वर्षांतला अटॅकचा धोका सांगणारे तक्ते आले. तिथली माणसं जवळजवळ सगळी गोरी, आणि व्यसन विचारलं ते सिगारेटचं.

तक्ता एक आणि आजार अनेक, ही दुसरी अडचण. जुने तक्ते मुख्यतः हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे. कोलेस्टेरॉल तिथे मोठा गुन्हेगार. लकव्यात मात्र २०१० च्या इंटरस्ट्रोक अभ्यासात बीपी सगळ्यांच्या वर निघालं. आणि लहानपणी घसा सुजून, सांधे धरून हृदयाची झडप खराब झालेली पोर? तिच्यापुढे असले तक्ते मुकेच.

आपल्याकडचा हिशेब इंटरहार्ट या अटॅकवरच्या अभ्यासाने मांडला: २००४, ५२ देश. दक्षिण आशियातल्यांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी, इतरांना जवळपास ५९ व्या. २००६ मध्ये त्याच अभ्यासातून दिसलं, की तंबाखू चघळणाऱ्यांत अटॅकचा धोका दुपटीहून जास्त. मिशरी त्यात वेगळी मोजली नव्हती, पण तोंडातल्या तंबाखूला निरुपद्रवी म्हणायची सोय तिथे संपली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दक्षिण आशियासाठी वेगळा तक्ता काढला. रक्त तपासायची सोय नसली तर उंची-वजनावरही चालतो, हे गावच्या दवाखान्याला फार बरं. तंबाखूचा रकाना मात्र त्यातही ओढणाऱ्यांचाच आहे.