टीएसएच थोडासा वाढलाय, मग लगेच गोळी का?

सतत थकवा वाटतो, वजन हळूहळू वाढतंय, केस गळतायत. रक्ततपासणी होते आणि रिपोर्टमध्ये टीएसएचचा, म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा, आकडा ठळक अक्षरांत छापून येतो: ६.२. शेजारी लिहिलेली वरची मर्यादा साडेचारच्या आसपास. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइड ग्रंथीचं स्वतःचं संप्रेरक, मात्र अगदी नॉर्मल. ‘थायरॉइड निघाला’ एवढंच घरी कळतं आणि अनेकदा दुसऱ्याच दिवसापासून सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी सुरू होते. ती बहुधा कायमचीच.

टीएसएच वाढलेला पण टी-फोर जागच्या जागी, या स्थितीला डॉक्टर सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. प्रौढांमध्ये ती खूप आढळते, स्त्रियांमध्ये आणि वाढत्या वयात जास्तच. तिच्यावर उपचार करायचे की नाहीत, हा प्रश्न वैद्यकात बरीच वर्षं गाजतोय. गेल्या काही वर्षांत त्याचं बऱ्यापैकी स्पष्ट उत्तर मिळालं आहे, पण ते रुग्णापर्यंत फारसं पोहोचलेलं नाही, याची मला खरोखर काळजी वाटते.

टीएसएच थायरॉइड ग्रंथीत तयार होत नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी सोडते. रक्तातलं थायरॉइडचं संप्रेरक जरासं घटलं तरी पिट्युटरीला ते जाणवतं आणि टीएसएच वाढतो. ही प्रतिक्रिया कमालीची तीव्र आहे. टी-फोर निम्म्यावर आलं तर टीएसएच सुमारे शंभर पटींनी चढू शकतो. त्यामुळे खरा हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक खरोखर कमी पडणं, या चाचणीतून सहसा सुटत नाही. पण त्याच कारणाने टीएसएच साडेचारवरून सहावर गेला, म्हणजे शरीरात काही मोठी उलथापालथ झाली असंही नव्हे.

शिवाय हा आकडा स्थिर नसतो. रात्री उशिरा तो सर्वांत जास्त असतो आणि दुपारी सर्वांत कमी. मोठ्या आजारातून बरं होताना काही दिवस तो आपसूक वर जातो. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसमुळे काही यंत्रांवर टीएसएच खोटाच कमी दिसतो. आणि ‘नॉर्मल’ची व्याख्याही पाहा: निरोगी माणसांपैकी मधली ९५ टक्के माणसं ज्या आकड्यांमध्ये बसतात, तो पल्ला. म्हणजे अडीच टक्के ठणठणीत माणसं त्या व्याख्येनुसारच वरच्या रेषेपलीकडे जाणार.

वयाचा मुद्दा तर याहून मोठा. अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातल्या निरोगी लोकांचे आकडे वयोगटाप्रमाणे वेगळे काढले, तेव्हा विशीतल्या लोकांसाठी वरची मर्यादा ३.५६ निघाली आणि ऐंशीच्या पुढच्यांसाठी ७.४९. पण बहुतेक रिपोर्टवर सगळ्या प्रौढांसाठी एकच मर्यादा छापलेली असते. ८२ वर्षांच्या आजींचा सहा टीएसएच त्यांच्या वयाला साजेसा असतो, तरी कागदावर तो आजार म्हणून उठून दिसतो.

२०१७ मध्ये ‘ट्रस्ट’ नावाच्या युरोपीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६५ वर्षांवरच्या ७३७ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला थायरॉइडची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. दुसऱ्याला तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि त्याच्या डॉक्टरांनाही. ते गुपित राहावं म्हणून औषध नसलेल्या गटातही मधूनमधून डोस बदलल्याचं खोटंखोटं दाखवलं गेलं! सुरुवातीला सरासरी टीएसएच ६.४ होता. वर्षाने तो औषधाच्या गटात ३.६३ वर आला, म्हणजे औषधाने आपलं काम केलं. पण थंडी वाजणं, सुस्ती अशा तक्रारींच्या गुणांमध्ये दोन्ही गटांतला बदल तेवढाच होता, आणि थकव्याच्या गुणांतही लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. औषध नसलेल्या गटाचा टीएसएचही काही न करता ५.४८ वर उतरला होता, हे मला विशेष बोलकं वाटतं. यातल्या लोकांच्या तक्रारी मुळातच सौम्य होत्या, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. पण पुढच्याच वर्षी अशा २१ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हाही चित्र बदललं नाही. २०१९ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातून तज्ज्ञांच्या गटाने अशा बहुतेक प्रौढांना ही गोळी देऊ नये, अशी ठाम शिफारस केली.

मग थकवा कशाचा? तो खोटा नसतो. हिमोग्लोबिन कमी असेल, झोप धड होत नसेल, झोपेत श्वास अडत असेल, मन खचलेलं असेल. टीएसएचवर बोट ठेवलं की हा शोध तिथेच थांबतो. गोळी विनाकारण देण्यातलं खरं नुकसान मला हे वाटतं.

दुसरं नुकसान डोस जास्त झाल्यावर होतं. पाळी थांबलेल्या स्त्रियांची हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या १९९४ सालच्या अभ्यासात साठीपुढच्या ज्या लोकांचा टीएसएच ०.१ किंवा त्याहून कमी होता, त्यांच्यात पुढच्या दहा वर्षांत एट्रियल फिब्रिलेशनचं, म्हणजे अशाच अनियमित ठोक्यांच्या एका विकाराचं, प्रमाण सुमारे तिप्पट आढळलं.

हे सगळ्यांना लागू नाही. गरोदर किंवा गर्भधारणेच्या प्रयत्नात असलेल्या स्त्रियांचा हिशोब वेगळा. टीएसएच वीसच्या वर असेल, तक्रारी तीव्र असतील किंवा वय तिशीच्या आत असेल, तर ती शिफारस त्यांच्यासाठी नाही. दहा ते वीसच्या पट्ट्यात चाचण्यांचा पुरावा विरळ आहे, म्हणून तिथे डॉक्टर माणूस पाहून ठरवतात. टीपीओ अँटिबॉडी, म्हणजे शरीराने स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, तपासणंही उपयोगी पडतं. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम इथे वीस वर्षं चाललेल्या पाहणीत टीएसएच वाढलेल्या आणि अँटिबॉडीही असलेल्या स्त्रियांपैकी दरवर्षी सुमारे ४.३ टक्के पूर्ण हायपोथायरॉइडिझमकडे गेल्या, तर नुसता टीएसएच वाढलेल्यांपैकी २.६ टक्के. अँटिबॉडी असतील तर वर्षातून एकदा तपासणी चुकवू नये.

नुकताच पहिला रिपोर्ट हातात आला असेल, तर दोन-तीन महिन्यांनी, शक्यतो सकाळी त्याच वेळेला आणि त्याच लॅबमध्ये तपासणी पुन्हा करावी. बायोटिन घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

आणि गोळी अनेक वर्षं चालू असेल तर? मनाने बंद करू नका. ज्यांची ग्रंथी काढलेली आहे किंवा खरोखर निकामी झाली आहे, त्यांना ती आयुष्यभर लागतेच. जुनी फाइल काढून गोळी सुरू झाली तेव्हाचा टीएसएच आणि टी-फोर पाहा, आणि तो कागद डॉक्टरांना दाखवा. टीएसएच तेव्हा पाच-सहाच असेल, तर डोस कमी करून पाहायचा का, हे त्यांना विचारता येईल. टी-फोर रक्तातून निम्मं व्हायला साधारण आठवडा घेतं, त्यामुळे डोस बदलल्यावर लगेच केलेली तपासणी काहीच सांगत नाही. सहा ते आठ आठवडे थांबून ती करावी लागते.