माघातला पाऊस आणि कोरड्या फेब्रुवारीच्या भरवशावरची शेती

मृगापासून स्वातीपर्यंतची पावसाची नक्षत्रं आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतात. माघातल्या पावसाला मात्र नाव नाही. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे तो नुसता ‘अवकाळी’. जानेवारी-फेब्रुवारीची सरासरी जेमतेम काही मिलिमीटरची, त्यामुळे फेब्रुवारी कोरडा जाणार असं धरूनच इथली पिकं बसलेली आहेत.

येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारात भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा पेरतात. जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव, एवढ्यावर पीक येतं. माघात मसूर उपटून शेतातच वाळत टाकलेली असते. रात्री पाऊस झाला तर सकाळी ढीग उलटताना खालून उबट वास येतो. शेंगा काळवंडतात, ऊन पडलं नाही तर दाण्याला मोड फुटतात. असा ढीग मी हातांनी उलटलाय. मळणीला नेण्याजोगं त्यात फार थोडं उरतं, आणि वर्षभराची आमटी त्याच ढिगात असते.

निपाणी-चिकोडीकडे बिडीचा तंबाखू याच दिवसांत कापून उन्हात वाळवतात. पानावरच्या चिकावर भाव ठरतो, आणि तो चीक एका सरीत धुऊन जातो. खानापुरात काजू-आंब्याचा मोहोर काळा पडतो, भट्टीवर रचायच्या कच्च्या विटांचा चिखल होतो. अथणीकडे द्राक्षबागांचा जीव टांगणीला.

हा पाऊस नवा नाही. थंडी सरताना उत्तरेकडून पश्चिमी प्रक्षोभ, म्हणजे भूमध्य समुद्राकडून येणारी पावसाळी हवेची लाट, जातो आणि त्याच वेळी समुद्रावरून दमट वारे आत शिरले, की ढग गडगडतात, कधी गाराही पडतात. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक गारपिटीनं झोडपून निघाले. २०१५ मध्ये पुन्हा अवकाळी आला. त्यानंतर केंद्रानं मदतीसाठीची नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ वर आणली. २०१६ च्या पीक विमा योजनेत कापून शेतात वाळत टाकलेल्या पिकालाही १४ दिवस संरक्षण मिळालं. पण पीक अधिसूचित, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी काढलेल्या यादीतलं हवं, आणि नुकसान ७२ तासांत कळवायला हवं.

इथं सीमेचा प्रश्न येतो. कागल आणि निपाणीत वीसेक किलोमीटरचं अंतर. तरी हवामान खात्याच्या हिशेबात कागल मध्य महाराष्ट्रात, निपाणी उत्तर अंतर्गत कर्नाटकात. ढग तोच, पंचनामा वेगळा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हापासून आमचा तलाठी, तहसीलदार, मदतीचा आदेश सगळं बेंगळुरूच्या वाटेनं येतं, आणि कागद कन्नडमध्ये असतो. मसूर शेतात कुजत असताना कन्नड न येणारा म्हातारा शेतकरी त्या ७२ तासांतला वेळ कागद वाचून दाखवणारं माणूस शोधण्यात घालवतो.