ड्रॅस्टिकली

ड्रॅस्टिकली : तीव्र व दूरगामी बदल दर्शविणारे इंग्रजी क्रियाविशेषण. शहरी मराठीत ते जसेच्या तसे रूढ आहे. ब्रिटिश कोश ‘ड्रॅ’ आणि ‘ड्रा’ असे दोन्ही उच्चार देतात. स्पेलिंगमध्ये ‘आयसी’नंतर ‘एएलएलवाय’ येते. त्यातला ‘ए’ उच्चारात लोपतो, म्हणून नुसते ‘एलवाय’ जोडण्याची चूक वारंवार होते.

मूळ ग्रीक ‘द्रान’ (करणे) या धातूत आहे. ‘ड्रामा’ही त्यातूनच आला. त्यापासून ‘द्रास्तिकोस’ म्हणजे परिणामकारक. इंग्रजीत ‘ड्रॅस्टिक’ हे विशेषण सतराव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकातून शिरले आणि त्याचा अर्थ होता जहाल रेचक. जमालगोट्याचे तेल या वर्गातले. शब्द फ्रेंचमार्गे आला असे एक मत आहे. पण फ्रेंच नोंदी अठराव्या शतकातल्या, म्हणजे इंग्रजीहून उशिराच्या असल्याने थेट ग्रीकवरून घेतला असणे अधिक संभवनीय वाटते. चरकसंहितेतील मृदू, सुख व तीक्ष्ण विरेचन ही विभागणी येथे आठवते. त्यात तीक्ष्ण विरेचनात श्रेष्ठ मानला आहे तो निवडुंगाचा चीक. ‘कठोर, टोकाचा’ हा आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा.

हा शब्द घटणे, वाढणे, कापणे, बदलणे अशा क्रियापदांशी किंवा ‘वेगळा’सारख्या तुलनावाचक विशेषणाशी जुळतो; ‘ड्रॅस्टिकली सुंदर’ होत नाही. ‘अचानक’ हा त्याचा अर्थ नव्हे. मराठीत एकच प्रतिशब्द चालत नाही : स्वरूप मुळापासून शेंड्यापर्यंत पालटले तर ‘आमूलाग्र’, वेग सांगायचा तर ‘झपाट्याने’, प्रमाण सांगायचे तर ‘कमालीचे’. ‘पाणी आमूलाग्र घटले’ हे चूकच.

कशाच्या तुलनेत ते न सांगता वापरल्यास शब्द फसवतो. सोलापूरकरांना परिचित उदाहरण उजनीचे. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पैकी मृतसाठा, म्हणजे तळाचे एरवी न वापरले जाणारे पाणी, ६३हून थोडा अधिक. जाहीर होणारी टक्केवारी मात्र उरलेल्या सुमारे ५४ टीएमसी उपयुक्त साठ्याची. १०० टक्क्यांवरून ५० वर येणे म्हणजे सुमारे २७ टीएमसी, एकूण पाण्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी. ‘उजनी मायनसमध्ये’ गेली तरी धरण कोरडे नसते, खालचा मृतसाठा वापरात येऊ लागलेला असतो. म्हणून बातमीत या शब्दाआधी ‘किती टीएमसीवरून किती’ हे द्यावे.

सोलापुरी बोलीत हे काम बहुधा ‘पार’वर भागते : ‘पानी पार तळाला गेलं.’