ओठावरची जखम भरत नाही? ट्यूब मागण्याआधी हे वाचा

“ओठाला लावायला काहीतरी द्या,” असे कोणी म्हटले की आमच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती दिवस झाले? कोणती ट्यूब द्यायची आणि मुळात द्यायची का, हे त्या उत्तरावर ठरते.

ताप येऊन गेल्यावर, उन्हात फिरल्यावर किंवा जागरणानंतर ओठाच्या कडेला बारीक, पाणी भरलेल्या फोडांचा पुंजका उठतो. आधी तिथे मुंग्या येतात, आग होते. लोक म्हणतात, ताप ओठावर फुटला. हा हर्पिसचा विषाणू. तो शरीरात दडून राहतो, म्हणून पुन्हा पुन्हा बहुधा त्याच जागी उठतो. साधारण सात ते दहा दिवसांत खपली पडून जाते. असिक्लोव्हिर मलमाचा थोडाफार उपयोग होतो, पण मुंग्या येताच लावले तर. खपली धरल्यावर पैसे वाया. फोड असेपर्यंत तान्ह्या बाळाची पापी मात्र अजिबात घेऊ नका. नवजात बाळाच्या ते जिवावर बेतू शकते.

तोंडाचे कोपरे फाटत असतील तर कारण वेगळे. तिथे लाळ साचते आणि बुरशी वाढते. सैल कवळी, मधुमेह, लोह किंवा बी-१२ची कमतरता यांचा त्यात हात असतो. कवळी रात्री काढून ठेवा आणि एकदा रक्त तपासून घ्या.

घरी करण्यासारखे थोडेच आहे. साधी पेट्रोलियम जेली लावा, खपली काढू नका, ओठ चाटू नका. तुरटी, चुना, टूथपेस्ट यांतले काहीही लावू नका. घरात पडलेली खाजेची ट्यूबही नको. तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असते आणि त्याने हर्पिस चिघळू शकतो.

आता मुद्द्याचे. दोन आठवडे उलटूनही जखम भरत नसेल, तर दुसरी ट्यूब मागू नका. आम्ही देणार नाही. खालच्या ओठाकडे विशेष लक्ष द्या, कारण ऊन त्यावरच जास्त पडते. शेतात किंवा होडीवर आयुष्य गेलेल्या माणसाचा हा ओठ कधी खरखरीत, पांढुरका होतो, त्याची कड पुसट दिसू लागते. तंबाखू-चुन्याची गोळी ओठात धरणाऱ्यांनी ओठ उलटा करून आतली बाजूही आरशात पाहावी. कडक कड, सहज येणारे रक्त, बधिरपणा, मानेत गाठ, यांपैकी काही दिसले तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका. “दुखत नाही हो,” असे बरेच जण सांगतात. कर्करोगाची जखम सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच.

दाखवायचे दातांच्या डॉक्टरांना किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. गरज वाटली तर ते जागा बधिर करून छोटा तुकडा तपासायला घेतात. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे. उशीर मात्र खरोखर महागात पडतो. वेळेत सापडला तर ओठाचा कर्करोग बहुतेकदा लहान शस्त्रक्रियेने बरा होतो.

तंबाखू सोडायची असेल तर सरकारी मोफत मदतवाहिनी आहे: १८००-११-२३५६.

डॉक्टरांकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा सोबत न्या. खोकी फेकली असतील तर आमचे बिल घेऊन या, औषधांची नावे कागदावर लिहून देऊ.