महिला ॲथलेटिक्समधील लिंगपात्रता व टेस्टोस्टेरॉन मर्यादा

धावणे, उड्या आणि फेकीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत महिला गटात कोणाला उतरता येईल हे ठरवणारे वैद्यकीय व कायदेशीर नियम. ते जागतिक महासंघ ठरवतो. २०१९ पर्यंत त्याला आयएएएफ म्हणत, आता त्याचे नाव वर्ल्ड ॲथलेटिक्स आहे. पुरुष गटासाठी अशी कोणतीही अट नाही. गेल्या साठ वर्षांत या नियमांची कसोटी तीन वेळा बदलली: आधी नजरेने केलेली शरीरतपासणी, मग गुणसूत्रे, त्यानंतर रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक आणि सप्टेंबर २०२५ पासून वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे एकच जनुक. प्रत्येक वेळी नवी कसोटी आधीच्यापेक्षा शास्त्रशुद्ध असल्याचे सांगितले गेले आणि प्रत्येक वेळी तिच्यात अडकलेल्या खेळाडूंना आपल्या शरीराविषयीची ही गोष्ट त्या चाचणीतूनच पहिल्यांदा कळली.

आरंभ

स्त्रियांच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये १९२८ साली ॲमस्टरडॅमला सुरू झाल्या आणि शंका जवळजवळ त्यांच्याबरोबरच आली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या हेलन स्टीफन्सने १०० मीटर जिंकल्यावर ती पुरुष असल्याची ओरड झाली आणि तिची तपासणी करून ती बाई असल्याचे जाहीर करावे लागले. तिच्यामागे दुसरी आलेली पोलंडची स्तानिस्लावा वालाशेविच ऊर्फ स्टेला वॉल्श १९८० मध्ये क्लीव्हलंड येथे गोळीबारात मारली गेली. शवविच्छेदनात तिच्या शरीराची घडण स्त्री-पुरुष अशा सरळ विभागणीत बसणारी नसल्याचे दिसले. संशय घेतला गेला तो मात्र स्टीफन्सवर.

महायुद्धानंतर गावच्या डॉक्टरांच्या दाखल्यावर काम चालत असे. शीतयुद्धात पूर्व युरोपातील धिप्पाड खेळाडूंबद्दल कुजबुज वाढली आणि १९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत सगळ्या महिला खेळाडूंना स्त्री डॉक्टरांच्या समितीपुढे विवस्त्र उभे राहावे लागले. त्याच वर्षी किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तर प्रत्यक्ष स्त्रीरोग तपासणीच झाली. पोलंडची धावपटू एव्हा क्वोबुकोव्स्का बुडापेस्टच्या या तपासणीत उत्तीर्ण झाली होती. पुढच्याच वर्षी कीव्हला गुणसूत्रांच्या चाचणीत तिला अपात्र ठरवले गेले, एक गुणसूत्र जास्त असल्याचे कारण देऊन. तिचे विक्रम पुसण्यात आले. १९६८ मध्ये तिला मुलगा झाला.

गुणसूत्रांची चाचणी

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून गालाच्या आतील बाजूवरून काडीने पेशी घेऊन त्यांत दुसऱ्या एक्स गुणसूत्राची खूण आहे का ते पाहिले जाऊ लागले. उत्तीर्ण होणाऱ्या खेळाडूला स्त्रीत्वाचे प्रमाणपत्र मिळे आणि ते प्रत्येक स्पर्धेला सोबत न्यावे लागे. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत उतरलेल्या ब्रिटनच्या राजकन्या ॲन यांना चाचणीतून सूट मिळाली होती.

या कागदाचे मोल स्पेनच्या मारिया होसे मार्तिनेस पातिन्यो या अडथळा धावपटूला चुकवावे लागले. १९८३ मध्ये हेलसिंकीला तिला प्रमाणपत्र मिळाले होते. १९८५ मध्ये जपानमधील कोबे येथील विश्वविद्यालयीन स्पर्धेला जाताना ते घरीच राहिले, म्हणून चाचणी पुन्हा झाली आणि तिच्या पेशींत एक्स-वाय, म्हणजे सहसा पुरुषांत असणारी गुणसूत्रे निघाली. दुखापतीचे सोंग करून शर्यतीतून बाहेर पडण्याचा सल्ला तिला देण्यात आला. पुढे ही गोष्ट वृत्तपत्रांत फुटली. तिची शिष्यवृत्ती गेली, ठरलेले लग्न मोडले. तिच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होत होते. पण पेशींना ते ग्रहणच करता येत नव्हते, त्यामुळे स्नायू वाढवण्यात त्याचा तिला काडीचा उपयोग नव्हता. हे पटवून देण्यात तिची तीन वर्षे गेली. १९८८ मध्ये परवानगी परत मिळाली, तोवर उमेदीचा काळ सरला होता.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ खेळाडूंची तपासणी झाली. आठ जणी तिच्यात अडकल्या आणि पुढील तपासानंतर आठही जणींना खेळू दिले गेले. इतका खटाटोप करून एकही पुरुष सापडला नाही. महासंघाने सरसकट चाचणी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच सोडली होती. ऑलिंपिक समितीने ती १९९९ मध्ये थांबवली. संशय आल्यास एखादीला तपासायला बोलावण्याची मुभा मात्र राहिली, आणि संशय येतो तो बहुधा चेहऱ्यामोहऱ्यावरून.

त्या मुभेची झळ भारताला २००६ मध्ये बसली. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यातली, वीटभट्टीवर राबणाऱ्या घरातली शांती सौंदरराजन दोहाच्या आशियाई स्पर्धेत ८०० मीटरमध्ये रौप्यपदक जिंकली आणि काही दिवसांतच चाचणीत नापास म्हणून ते पदक काढून घेतले गेले. चाचणीची बातमी जगभर झाली. पुढच्या वर्षी तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. त्यातून ती वाचली व पुढे प्रशिक्षक झाली. पदक परत मिळालेले नाही.

टेस्टोस्टेरॉन का?

२००९ च्या बर्लिन जागतिक स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेची अठरा वर्षांची कॅस्टर सेमेन्या हिने ८०० मीटर १:५५.४५ मध्ये जिंकले. अंतिम शर्यतीच्या दिवशीच तिची लिंगतपासणी सुरू असल्याचे जगाला कळले होते. जवळपास अकरा महिने ती मैदानाबाहेर राहिली. या प्रकरणात तोंड पोळल्यावर महासंघाने २०११ मध्ये ‘लिंग’ हा शब्द बाजूला ठेवून संप्रेरकाची मर्यादा आणली: रक्तातील टेस्टोस्टेरॉन लिटरला १० नॅनोमोलपेक्षा कमी हवे.

या संप्रेरकामुळे स्नायू व हाडे बळकट होतात, हिमोग्लोबिन वाढते. धावण्यात अव्वल पुरुष अव्वल स्त्रियांपेक्षा साधारण १० ते १२ टक्के सरस असतात, त्यामागे वयात येताना वाढणारे टेस्टोस्टेरॉन हे मुख्य कारण मानले जाते. स्त्रियांत त्याची पातळी साधारण ०.१२ ते १.७९ नॅनोमोल, पुरुषांत ७.७ ते २९.४. मधली जागा जवळजवळ मोकळी असते. आपल्याकडच्या लॅबचा रिपोर्ट बहुधा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये येतो. त्या मापात १० नॅनोमोल म्हणजे सुमारे २८८, ५ म्हणजे १४४ आणि २.५ म्हणजे ७२. पीसीओडी असलेल्या मुलींचे टेस्टोस्टेरॉन थोडे वाढलेले असते, पण ते सहसा ५ नॅनोमोलच्या आतच राहते. त्यामुळे नियम त्यांना लागतील ही भीती अनाठायी आहे.

नियमांचा खरा रोख आहे तो लैंगिक विकासातील काही विशिष्ट भिन्नतांवर, ज्यांत गुणसूत्रे एक्स-वाय असतात. उदाहरणार्थ ‘फाइव्ह अल्फा रिडक्टेज’ या विकराच्या अभावात बाळाचे बाह्य अवयव मुलीसारखे दिसतात आणि सुईण किंवा डॉक्टर ‘मुलगी झाली’ म्हणून सांगतात. पोटात किंवा जांघेत वृषण असतात आणि वयात येताना ते पुरुषाइतके टेस्टोस्टेरॉन बनवू लागतात. पातिन्योच्या उलट, इथे पेशी ते पुरेपूर वापरतात. जिथे बालरोगतज्ज्ञ आणि जनुकीय तपासण्या हाताशी आहेत तिथे हे लहानपणीच उमगते, उपचार होतात आणि ती मुलगी धावपट्टीपर्यंत पोचण्याआधीच प्रश्न मिटलेला असतो. खेड्यात वाढलेल्या मुलीच्या बाबतीत तो आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, कॅमेऱ्यांसमोर उपटतो. नियमांचा फटका बसलेली अलीकडची बहुतेक ठळक नावे आफ्रिका व आशियातली आहेत, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

द्युती चंदचा खटला

ओडिशाच्या जाजपूर जिल्ह्यातील विणकर कुटुंबातली धावपटू द्युती चंद हिला २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर संघातून वगळण्यात आले. औषधे घेऊन पातळी खाली आणण्याचा मार्ग तिला खुला होता. तो नाकारून ती स्वित्झर्लंडमधील लोझानच्या क्रीडा लवाद न्यायालयात गेली आणि भारतीय क्रीडा प्राधिकरण तिच्या पाठीशी उभे राहिले. भारतीय क्रीडाप्रशासनाच्या खात्यावर इतकी धडाडी फार वेळा जमा होत नाही, म्हणून नोंदवायचे.

२४ जुलै २०१५ च्या निकालात लवादाने विचारले ते थोडक्यात असे: टेस्टोस्टेरॉनमुळे फायदा होतो हे मान्य, पण किती? पुरुष-स्त्री फरक १० ते १२ टक्के आहे. निसर्गतः जास्त टेस्टोस्टेरॉन असलेल्या स्त्रीला जर एकदोन टक्केच फायदा होत असेल, तर तसा फायदा उंचीमुळे, आहारामुळे, चांगल्या प्रशिक्षकामुळेही होतो. मग तेवढ्यावरून तिला बाहेर कसे काढायचे? पुरावा आणायला महासंघाला दोन वर्षे दिली गेली आणि तोवर नियम स्थगित झाला. द्युती २०१६ मध्ये रिओला १०० मीटर धावली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने दोन रौप्यपदके मिळवली.

पाच नॅनोमोल

पुरावा म्हणून २०१७ मध्ये महासंघाशी संबंधित संशोधकांचा अभ्यास आला. २०११ (देगू) आणि २०१३ (मॉस्को) च्या जागतिक स्पर्धांतील खेळाडूंची पातळी व कामगिरी त्यात ताडून पाहिली होती. सर्वांत जास्त व सर्वांत कमी टेस्टोस्टेरॉन असलेल्या गटांत हातोडाफेकीत ४.५ टक्के, बांबूउडीत २.९, ४०० मीटर अडथळा शर्यतीत २.८, ४०० मीटरमध्ये २.७ आणि ८०० मीटरमध्ये १.८ टक्के फरक निघाला.

आता २०१८ चा नियम पाहा. मर्यादा ५ नॅनोमोलवर आणली आणि ती लागू केली ४०० मीटर ते एक मैल या अंतरांना. हातोडाफेक व बांबूउडी, जिथे फरक सर्वाधिक होता, नियमाबाहेर. १५०० मीटर आणि मैल, जिथे या अभ्यासात तसा फरक आढळला नव्हता, नियमात. १०० व २०० मीटर वगळल्याने द्युतीचा खटला आपोआप निकाली निघाला. सेमेन्याच्या शर्यती होत्या ८०० आणि १५०० मीटर. नियम एका व्यक्तीसाठी केला नसल्याचे महासंघाने वारंवार सांगितले; अंतरांची यादी वाचून त्यावर विश्वास ठेवणे अवघड जाते. २०२१ मध्ये त्या अभ्यासाच्या लेखकांनी दुरुस्ती छापून त्यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नसल्याचे मान्य केले.

म्हणून महासंघाची सारीच बाजू पोकळ ठरत नाही. देगूच्या स्पर्धेत हजार खेळाडूंमागे सात जणींत अशी एक्स-वाय भिन्नता आढळली होती आणि सर्वसामान्य लोकसंख्येपेक्षा हे प्रमाण कितीतरी पट जास्त आहे. रिओच्या ८०० मीटरमध्ये पदके मिळवणाऱ्या तिघीही, म्हणजे सेमेन्या, बुरुंडीची फ्रान्सिन नियोन्साबा आणि केनियाची मार्गारेट वाम्बुई, पुढे या नियमाच्या कक्षेत आल्या. चौथ्या-पाचव्या क्रमांकावर आलेल्या खेळाडूंचे गाऱ्हाणे खोटे म्हणता येत नाही. दुसरीकडे, ८०० मीटरचा १९८३ चा १:५३.२८ हा यार्मिला क्राटोच्विलोव्हाचा विक्रम सेमेन्याला कधीच मोडता आला नाही. १:५४.२५ ही तिची सर्वोत्तम वेळ.

१ मे २०१९ रोजी लवादाने सेमेन्याविरुद्ध दोन विरुद्ध एक असा निकाल दिला. नियम भेदभाव करणारा आहे, पण महिला गटाच्या रक्षणासाठी तो आवश्यक, वाजवी व प्रमाणशीर आहे, असे बहुमताने म्हटले. १५०० मीटर आणि मैलाच्या पुराव्याबद्दल शंका त्याच निकालात नोंदवलेली आहे.

पातळी खाली ठेवायची म्हणजे रोज गर्भनिरोधक गोळ्या, नियमित इंजेक्शन किंवा वृषण काढण्याची शस्त्रक्रिया. शस्त्रक्रियेची सक्ती नाही, असे महासंघ म्हणतो. मात्र २०१३ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी विकसनशील देशांतल्या चार तरुण खेळाडूंवर अशी शस्त्रक्रिया केल्याचे स्वतःच प्रसिद्ध केले होते, आणि युगांडाच्या ॲनेट नेगेसाने २०१२ मधील आपल्या शस्त्रक्रियेबद्दल पुढे जाहीरपणे सांगितले. शस्त्रक्रियेनंतर ती पुन्हा त्या वेगाने धावू शकली नाही. तिला तसा सल्ला दिल्याचे महासंघाने नाकारले आहे. सेमेन्याने गोळ्या घेऊन पाहिल्या, त्यांचा त्रास झाला आणि २०१९ नंतर पुन्हा घेण्यास तिने नकार दिला.

नियमातील अंतरांच्या मर्यादेमुळे काही विचित्र प्रसंगही घडले. नामिबियाच्या क्रिस्टिन म्बोमाला टोकियो ऑलिंपिकच्या तोंडावर ४०० मीटरसाठी अपात्र ठरवले, म्हणून ती २०० मीटर धावली आणि २१.८१ सेकंदांत रौप्यपदक घेऊन गेली. नियोन्साबा ५,००० आणि १०,००० मीटरकडे वळली. मार्च २०२३ मध्ये ही वाट बंद झाली: मर्यादा २.५ नॅनोमोल, ती सलग २४ महिने पाळायची आणि सगळ्याच प्रकारांत. त्याच वेळी पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स स्त्रियांना महिला गटातून वगळण्यात आले. तो प्रश्न वेगळा आहे; चर्चेत दोन्हींची गल्लत होते आणि जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या खेळाडूंना तिचा उगाच त्रास होतो.

एसआरवाय जनुक

१ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटात उतरण्यासाठी एसआरवाय जनुकाची चाचणी बंधनकारक झाली. टोकियोची जागतिक स्पर्धा ही तिची पहिली मोठी परीक्षा होती. गालातील पेशी किंवा रक्ताचा नमुना आयुष्यात एकदाच द्यायचा. वाय गुणसूत्रावरील हे जनुक गर्भात वृषण तयार होण्याची सुरुवात करते. ते नसेल तर खेळाडू पात्र. असेल तर पुढील तपास होतो. टेस्टोस्टेरॉनला शरीर मुळीच दाद देत नाही असे सिद्ध झाल्यास, म्हणजे पातिन्योसारख्या स्थितीत, सूट मिळते. जुन्या नियमांनुसार उपचार घेऊन आधीच खेळणाऱ्या मोजक्या जणींसाठी संक्रमणकालीन तरतूद आहे.

हे जनुक १९९० मध्ये शोधणाऱ्यांपैकी ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या वापराला उघड विरोध केला. जनुक आहे की नाही एवढेच चाचणी सांगते. ते काम करते का, टेस्टोस्टेरॉन बनते का आणि शरीर ते वापरते का, यांपैकी काहीच सांगत नाही, हा त्यांचा मुद्दा. फ्रान्समध्ये जैवनीतीविषयक कायद्यानुसार अशा कारणासाठी जनुकीय चाचणी करता येत नसल्याने तिथल्या धावपटूंना ती देशाबाहेर करावी लागली.

दरम्यान लवादाच्या निकालाविरुद्ध स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात दाद न मिळाल्याने सेमेन्याचा खटला युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या महापीठापुढे गेला होता. १० जुलै २०२५ रोजी महापीठाने १५ विरुद्ध २ मतांनी ठरवले की स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने तिची बाजू पुरेशा काटेकोरपणे तपासली नाही, त्यामुळे निष्पक्ष सुनावणीच्या तिच्या हक्काचा भंग झाला. खर्चापोटी ८०,००० युरो देण्याचा आदेश झाला. भेदभावाची आणि खासगी आयुष्यातील हस्तक्षेपाची तक्रार मात्र अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळली गेली, त्यामुळे टेस्टोस्टेरॉनची मर्यादा योग्य की अयोग्य याला महापीठाने हात लावला नाही.