अधिक चिन्ह आधी की नंतर?

अकरावीच्या मुलांची ही तक्रार नेहमी कानावर येते: लोहाच्या आयनावर ‘२+’ऐवजी ‘+२’ लिहिलं म्हणून अर्धा मार्क कापला. आकडा तोच, चिन्ह तेच, मग बाईंचा हट्ट कशाला? पण रेडॉक्स अभिक्रियेच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते अशा अभिक्रियेच्या समीकरणात ही दोन लेखनं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. त्यातली एक प्रत्यक्षात असते, दुसरी फक्त हिशोबात.

आधी आकडा, मग चिन्ह: हा आयनावरचा खरा विद्युतप्रभार. लोहाच्या फेरस आयनावर २+ म्हणजे त्या कणात प्रोटॉनपेक्षा दोन इलेक्ट्रॉन कमी. आधी चिन्ह, मग आकडा: हा ऑक्सिडीकरणांक, म्हणजे हिशोबापुरता मानलेला प्रभार. फेरसमध्ये दोन्ही जुळतात, म्हणून घोळ झाकून राहतो. तो उघडा पाडायला पोटॅशियम परमँगनेट हवं, गावाकडे विहिरीत टाकतात तेच.

परमँगनेट आयनात एक मँगनीज, चार ऑक्सिजन आणि सगळ्यांवर मिळून प्रभार १−. नियम असा, की बंधातले सगळे इलेक्ट्रॉन ज्याची ओढ जास्त त्याच्या नावावर मांडायचे. ऑक्सिजनचे प्रत्येकी −२, चौघांचे −८. बेरीज −१ यायची तर मँगनीजच्या वाट्याला +७ येतात. सातबारा एका भावाच्या नावे आणि शेत कसतात मात्र दोघं, तसा हा प्रकार. मँगनीजवरचा खरा प्रभार सातच्या जवळपासही नसतो. असणार कसा? सुट्या मँगनीज अणूचा सातवा इलेक्ट्रॉन काढायलाच सुमारे ११९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, आणि रासायनिक बंध असतो मोजक्या काही इलेक्ट्रॉनव्होल्टचा. तेव्हा द्रावणात ‘७+’ प्रभाराचा मँगनीज आयन पोहत नसतो.

गंमत म्हणजे हा कागदोपत्री आकडा इलेक्ट्रॉनांचा हिशोब मात्र चोख देतो. आम्लयुक्त द्रावणात परमँगनेटचं क्षपण, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणं, असं होतं:

परमँगनेट (१−) + ८ हायड्रोजन आयन (१+) + ५ इलेक्ट्रॉन → मँगनीज आयन (२+) + ४ पाणी

+७ वरून +२ वर, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन. आता खरे प्रभार ताडून बघा. डावीकडे वजा एक, अधिक आठ, वजा पाच: उरले दोन. उजवीकडेही दोनच. हे पाच इलेक्ट्रॉन फेरसने पुरवायचे असतील, तर फेरस आयन (२+) फेरिक (३+) होताना एकच इलेक्ट्रॉन सोडतो, म्हणून त्याची अर्ध-अभिक्रिया (इलेक्ट्रॉन सोडण्याची किंवा घेण्याची एकच बाजू) पाचाने गुणायची. मग दोन्ही बाजूंचे इलेक्ट्रॉन कटतात. अंतिम समीकरणात इलेक्ट्रॉन उरला, तर कुठेतरी चुकलंय.

ऑक्सिडीकरणांक संयुगाच्या नावात कंसात रोमन अंकांनी लिहायची पद्धत जर्मन रसायनज्ञ आल्फ्रेड स्टॉक यांनी १९१९मध्ये सुचवली. प्रभाराशी गल्लत टाळायला ती उत्तमच. फक्त रोमन अंकांत शून्य नाही, त्यामुळे निकेल कार्बोनिल या संयुगातल्या शून्य अंकाच्या निकेलसाठी साधं ० लिहावं लागतं. अपूर्णांकाचीही पंचाईत. मॅग्नेटाइट या लोहखनिजात तीन लोह, चार ऑक्सिजन. सरासरी येते +८/३. प्रत्यक्षात त्यात एक लोह +२चं आणि दोन +३ची, आणि तसंच लिहिणं बरं.

बाणाच्या दिशेवरूनही एके काळी गोंधळ होता. अमेरिकी पुस्तकं अर्ध-अभिक्रिया ऑक्सिडीकरणाच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडण्याच्या दिशेने लिहीत, त्यामुळे जस्ताचा विभव (इलेक्ट्रॉनांच्या ओढीचं व्होल्टमधलं माप) तिथे +०.७६ व्होल्ट, युरोपात −०.७६. १९५३मध्ये स्टॉकहोमला ठरलं, की इलेक्ट्रोड विभव म्हणजे क्षपणाचाच. आणि हा विभव अभिक्रियेबरोबर गुणायचा नसतो: फेरिक-फेरसचा ०.७७ व्होल्ट पाचाने गुणल्यावरही ०.७७च राहतो, कारण तो प्रत्येक एकक प्रभारामागची ऊर्जा सांगतो. ओढ किती ते कळतं, साठा किती ते नाही.

अल्कलाइन पाण्याची यंत्रं विकणारे नेमकी हीच गोम लपवतात. विभव मोजणाऱ्या मीटरवर ‘उणे’ आकडा दाखवून ते पाणी अँटिऑक्सिडंट असल्याचं ठासून सांगतात. त्या पाण्यात देण्याजोगे इलेक्ट्रॉन किती, हे त्या मीटरला कळत नाही. त्यासाठी टायट्रेशन, म्हणजे माहीत असलेलं द्रावण थेंबाथेंबाने मिसळून मोजणं, करावं लागतं.